मुंबईच्या दारातले दोन लोखंडी राखणदार

मुलांनो, एक लोखंडी खिळा घ्या आणि बादलीत टाका. बुडाला ना? आता बांधकामावरचं रिकामं घमेलं हौदात अलगद सोडा. खिळा जेमतेम दहा ग्रॅमचा, घमेलं चांगलं दीड-दोन किलोचं. हलका होता तो बुडाला आणि जड होतं ते तरंगलं! असं कसं बरं?

आमच्या चौथीच्या वर्गात हा प्रश्न निघाला तो इतिहासाच्या तासाला. महाराजांच्या आरमाराचा धडा चालू होता. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि तिथल्या खाडीकाठी महाराजांची जहाजं बांधली जाऊ लागली, हे मी सांगत होते. कल्याण म्हणजे आम्हा शहापूर-मुरबाडकरांचं रोजच्या जाण्या-येण्यातलं गाव. त्यामुळे मुलं कान टवकारून ऐकत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण उठला. "बाई, ती जहाजं लाकडाची होती, म्हणून तरंगली. लोखंडाचं जहाज बुडणारच. लोखंड बुडतंच."

सगळा वर्ग त्याच्या बाजूने. मग काय, इतिहासाचं पुस्तक मिटलं आणि आम्ही सगळे हापशाजवळच्या हौदावर गेलो. खिळा टाकला, घमेलं सोडलं. घमेल्यात एकेक दगड ठेवत गेलो. प्रत्येक दगडाबरोबर घमेलं थोडं खाली जाई, पण तरंगत राही. सांगायची गोष्ट अशी की वस्तू पाण्यात शिरते तेव्हा ती आपल्यापुरतं पाणी बाजूला सारते. सारलेल्या पाण्याचं वजन वस्तूच्या वजनाएवढं झालं की पाणी तिला उचलून धरतं. खिळा एवढासा, तो सारून सारून पाणी किती सारणार! घमेल्याच्या पोटात पोकळी असते, म्हणून ते पुष्कळ पाणी सारतं. लोखंडी जहाज म्हणजे एक भलंमोठं घमेलंच.

शेवटी घमेल्याची कड पाण्याच्या वर दोन बोटं उरली. एका खोडकराने हौदात हात फिरवून लाट केली. झालं! पाणी आत आलं आणि घमेलं दगडांसकट तळाला. हे दोन बोटं उरलेलं घमेलं नीट लक्षात ठेवा हं. पुढे त्याचं काम आहे.

वर्गात परत आल्यावर मी झोकात सांगून टाकलं, "आपल्या मुंबईच्या बंदरातसुद्धा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अशी दोन लोखंडी लढाऊ जहाजं होती. त्यांनी शत्रूला पळवून लावलं." फळ्याशेजारी तक्ता लावला, त्यावर जहाजाचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, 'दोन शूर जहाजं'.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, कोणत्या शत्रूला?"

आता आली का पंचाईत! जहाजं होती एवढं मला पक्कं ठाऊक होतं. शत्रूची गोष्ट मात्र बोलण्याच्या भरात तोंडून निघून गेली होती. "सोमवारी सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली. रविवारी कल्याणला जाऊन वाचनालयात बसले आणि जे सापडलं ते आज तुम्हालाही सांगते आहे.

आधी ही लोखंडी जहाजं आली कुठून ते बघू. लढाऊ जहाजं शेकडो वर्षं लाकडाचीच होती, आणि त्यात आपली मुंबई कुणाच्या मागे नव्हती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले पारशी कारागीर सागवानाची अशी जहाजं बांधत की इंग्रजांचं आरमारही ती मागून घेई. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी तरंगतं आहे. दोनशेहून जास्त वर्षं झाली! सागाच्या लाकडात तेल असतं, त्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि किडीलाही सहज दाद देत नाही. आपल्या भागातल्या मुलांना साग काय सांगायचा म्हणा! कोवळं पान चोळून हात लाल केला नाही असं मूल आमच्या शाळेत तरी नाही.

पण १८५३ साली काळ्या समुद्रावरच्या सिनोप बंदरात एक भयंकर गोष्ट घडली. रशियाच्या जहाजांनी तुर्कस्तानची लाकडी जहाजं पार जाळून टाकली. तोवर तोफेचा गोळा म्हणजे बहुतेक भरीव लोखंडी गोळा. तो लागला की लाकडाला भोक पडे आणि सुतार ते बुजवी. सिनोपला वापरलेले गोळे आतून पोकळ, दारू भरलेले होते. आत घुसून फुटायचे आणि आग लावायचे. लाकडी जहाजाचं पुढे काय होणार, हे सगळ्या जगाला एका दिवसात कळलं.

दोनच वर्षांनी फ्रेंचांनी लोखंडी पत्रे ठोकलेल्या तीन तरंगत्या तोफगाड्या किनबर्नच्या रशियन किल्ल्यासमोर नेऊन उभ्या केल्या. किल्ल्यावरून सुटलेले गोळे त्यांच्या अंगावर आपटून पाण्यात पडू लागले. मग चढाओढच लागली. १८५९ साली फ्रान्सचं 'ग्लॉयर' पाण्यात उतरलं. त्याचं अंग लाकडाचं आणि वरून चिलखत लोखंडाचं. १८६० साली इंग्लंडचं 'वॉरियर' आलं. त्याचं तर अंगसुद्धा लोखंडाचं. अशा जहाजांना मराठीत चिलखती जहाजं म्हणतात.

आता एक गंमत ऐका. 'वॉरियर'चं चिलखत किती जाड होतं? साडेचार इंच लोखंड. आणि त्याच्या मागे? अठरा इंच सागवान! म्हणजे लोखंड आलं तरी सागाची सुट्टी झाली नाही. कशासाठी बरं?

लोहाराच्या पालावर कधी गेला असाल तर ऐरण आठवा. ती लाकडाच्या जाड ठोकळ्यात बसवलेली असते. घणाचा दणका ऐरणीवर बसतो आणि खालचं लाकूड तो झेलतं. चिलखतावर गोळा आदळला की तसंच होई. नुसतं लोखंड असतं तर दणक्याने ते तडकलं असतं, बोल्ट तुटून आतल्या माणसांच्या अंगावर उडाले असते. मागचं सागवान तो दणका पसरवून घेई आणि उडालेले तुकडे अडवी. ढालीच्या मागे गादी असते ना, तसं. मला ही गोष्ट फार आवडली. इंग्लंडातल्या लोखंडी जहाजाला पाठ सागवानाची!

या जहाजांची एकमेकांशी पहिली झुंज झाली ती अमेरिकेत. तिथे १८६१ साली उत्तर आणि दक्षिण भागांत युद्ध पेटलं. दक्षिणेची राज्यं कापूस पिकवणारी. उत्तरेने त्यांची बंदरं आपल्या जहाजांनी कोंडून टाकली, म्हणजे कापूस बाहेर जायला नको आणि शस्त्रं आत यायला नकोत. दक्षिणेने ही कोंडी फोडायला एका जळलेल्या जहाजाच्या सांगाड्यावर लोखंडाचं उतरतं छप्पर चढवलं. कौलारू घर पाण्यातून चाललं आहे असंच दिसत असणार ते! त्याचं नाव 'व्हर्जिनिया'. ८ मार्च १८६२ रोजी त्याने उत्तरेची दोन मोठी लाकडी जहाजं संपवली. एकाला धडक मारून बुडवलं, दुसऱ्याला पेटवून दिलं.

रात्री उत्तरेचं 'मॉनिटर' येऊन पोचलं. त्याची कल्पना जॉन एरिक्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरची. सपाट अंग पाण्याच्या वर जेमतेम दीड फूट, मधोमध एक गोल लोखंडी घुमट आणि घुमटात दोन तोफा. पाटावर डबा ठेवावा तसं ध्यान. पण तो डबा वाफेच्या यंत्राने गोल फिरायचा! आधीच्या जहाजांना तोफ वळवायची तर अख्खं जहाज वळवावं लागे. इथे जहाज जाग्यावर आणि तोफ हवी तिकडे. ९ मार्चला दोघं सुमारे चार तास लढली. गोळे आपटत राहिले, पण कुणीच बुडालं नाही, कुणीच जिंकलं नाही.

आता तुमचं घमेलं आठवा. दीड फूट कड म्हणजे आपली ती दोन बोटं. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला 'मॉनिटर' वादळात सापडलं, लाटा वरून आत शिरल्या आणि ते बुडालं. १६ माणसं गेली. तोफेला न हरलेलं जहाज पाण्याने नेलं. त्याचा घुमट २००२ साली सुमारे ७० मीटर खोलीवरून वर काढण्यात आला.

या युद्धाचा आपल्याशी काय संबंध, असं वाटतंय ना? अहो, फार जवळचा! अमेरिकेचा कापूस कोंडला गेला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्या बंद पडायला लागल्या. त्यांनी कापूस मागितला मुंबईकडे. मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले. तेव्हा रेल्वे कसाऱ्यापर्यंतच पोचली होती. थळ घाट चढून ती इगतपुरीला पोचली १८६५ साली. तोवर घाटातून माल उतरायचा तो बैलगाडीनेच. 'व्हर्जिनिया' जी कोंडी फोडायला निघालं होतं, ती फुटली असती तर मुंबईचे भाव तेव्हाच कोसळले असते. एवढ्या लांबच्या एका खाडीत दोन लोखंडी जहाजं झुंजतात आणि त्यावर आपल्या घाटातल्या गाड्यांचं भाडं ठरतं! १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले बडे बडे शेठ एका फटक्यात बुडाले. प्रेमचंद रायचंद हे त्यांतले मोठं नाव. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर बांधला गेला तो त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने.

पैसा आला तसा गेला, पण मुंबई आता मोठं बंदर झाली होती. मोठ्या बंदराला राखण हवी. म्हणून हिंदुस्थान सरकारसाठी दोन चिलखती जहाजं लंडनमध्ये बांधायला घेतली. एक जरा मोठं, दुसरं खर्च वाचवण्यासाठी जरा लहान. दोन्ही १८७० साली पूर्ण झाली. मोठ्याचं नाव 'मॅग्डाला', लहानाचं 'ॲबिसिनिया'.

नावं विचित्र वाटली? ॲबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया. आपल्या जुन्या मराठीत त्याला हबसाण म्हणत. तिकडून आलेले ते हबशी, जंजिऱ्याचे सिद्दी त्यांतलेच. १८६७-६८ साली इंग्रजांनी तिथल्या राजावर स्वारी केली ती मुंबईहून. सरदार होता रॉबर्ट नेपियर. जहाजांतून ४४ हत्तीसुद्धा नेले होते, डोंगरात तोफा वाहायला! एप्रिल १८६८ मध्ये मॅग्डाला हा डोंगरी किल्ला पडला. त्या विजयाची नावं दोन जहाजांना दिली.

'मॅग्डाला' २२५ फूट लांब होतं. एस.टी.च्या सहा गाड्या एकामागे एक उभ्या करा, तेवढं. वजन सुमारे ३,३०० टन. 'ॲबिसिनिया' सुमारे २,९०० टनांचं. आराखडे केले त्या वेळी इंग्लंडच्या आरमाराचे मुख्य जहाजरचनाकार एडवर्ड रीड होते, आणि 'मॉनिटर' कशाने बुडालं हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी केलं काय, तर जहाजाच्या मधल्या भागावर चिलखती भिंतीचा एक उंच ओटा उभा केला. धुराडं, जिने, हवेच्या वाटा, सगळं त्या ओट्यातून वर काढलं. ओट्याच्या पुढच्या टोकाला एक फिरता घुमट, मागच्या टोकाला दुसरा.

आमच्या पोरांना हे समजावायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आपल्याकडे जुलैत पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला ठाऊक आहे. अंगणात घोटाभर पाणी साचतं, पण घरात येत नाही. का? घराला जोतं असतं. 'मॉनिटर' म्हणजे बिनजोत्याचं घर. रीडसाहेबांनी जहाजाला जोतं बांधलं! लाटा खालच्या सपाट भागावरून खुशाल जाऊ देत, दार उंचावर आहे.

प्रत्येक घुमटात दोन, म्हणजे एका जहाजावर चार तोफा. एकेक तोफ १८ टनांची, तोंड १० इंचांचं, गोळा सुमारे ४०० पौंडांचा. म्हणजे जवळजवळ १८० किलो! भाताची दोन मोठी पोती समजा. गंमत अशी की एवढी तोफ, पण गोळा भरायचा तोंडाकडूनच, महाराजांच्या काळासारखा. शिडं नव्हती, सगळी मदार वाफेवर. मुंबईला येताना मात्र 'मॅग्डाला'वर तीन तात्पुरत्या डोलकाठ्या उभ्या केल्या आणि १८७०-७१ च्या हिवाळ्यात ते शिडांवर आलं. मुंबईत पोचल्यावर त्याला ना मोठा प्रवास होता, ना घाई. वेग ताशी अठरा-एकोणीस किलोमीटर. तुमच्या गावचा सायकलवाला शर्यत लावील त्याच्याशी.

आणि मग? मग काही नाही! हेच तर सोमवारी मला वर्गात सांगायचं होतं.

तीस वर्षांहून जास्त काळ ही दोन जहाजं मुंबईच्या बंदरात राहिली. अधूनमधून तोफांचा सराव करायला थोडं बाहेर जायची, परत यायची. १८८५ साली रशियाशी युद्ध होणार की काय अशी वेळ आली होती, पण तीही टळली. शत्रूवर त्यांना एकही गोळा टाकावा लागला नाही. १८९२ साली जुन्या तोफा काढून मागून भरायच्या नव्या बसवल्या. (आपल्या शहापूरच्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला पहिल्यांदा पोचलं तेही १८९२ सालीच, बरं का!) तोवर जगात पोलादी जहाजं आली होती, जास्त वेगाची, लांब पल्ल्याच्या तोफांची. १९०० नंतर थोड्याच वर्षांत ही दोन्ही भंगारात विकली गेली.

"म्हणजे बाई, तुम्ही खोटं सांगितलंत," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"खोटं नाही गं, चुकीचं सांगितलं," मी म्हटलं. पण खरं सांगते, कान गरम झाले होते.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग फुकटच गेली ना ती जहाजं!" त्यावर एक मुलगा उसळून उठला. त्याचे बाबा भात तयार झालं की रात्री शेतातल्या माळ्यावर जागतात. "रात्रभर डुक्कर आलं नाही, तर बाबांची रात्र फुकट गेली काय? माळ्यावर माणूस असतो म्हणूनच येत नाही ते."

बरोबर बोलला की नाही? वर्ग त्याच्याकडे वळला. पण ती पहिल्या बाकावरची ऐकते थोडीच! "तुझे बाबा आपल्या शेताची राखण करतात. ही जहाजं कुणाच्या शेताची करत होती? मुंबई तेव्हा इंग्रजांची होती. पैसे आपले आणि राखण त्यांची."

यावर तो मुलगा गप्प झाला, पण पटलेलं दिसलं नाही. म्हणाला, "बंदरात आपली माणसंपण राहत होतीच ना! गोळा काय गोरा-काळा बघून पडतो?" तास संपला तरी वाद संपेना. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेतसुद्धा चालू होता. मी मध्ये पडले नाही. दोघांचंही मला पटत होतं, त्यामुळे कुणाच्या बाजूने बोलणार?

त्या दोन जहाजांपैकी आज बघायला काही उरलेलं नाही. पण 'मॅग्डाला'चं एक सख्खं भावंड आहे. 'सर्बेरस' त्याचं नाव, त्याच आराखड्याचं. ते ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न बंदरासाठी बांधलं होतं आणि त्यालाही कधी लढावं लागलं नाही. म्हातारं झाल्यावर, १९२६ साली, लाटा अडवायला म्हणून त्याला मेलबर्नजवळच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात बसवून टाकलं. १९९३ साली त्याचं अंग खाली खचलं, पण दोन्ही घुमट पाण्याच्या वर दिसतात. तुमच्यापैकी कुणाचा मामा-काका तिकडे असेल तर त्यांना फोटो पाठवायला सांगा. जोतं नीट बघा.

आणि हो, घरी करायचा प्रयोग राहिलाच. ॲल्युमिनियमची एक थाळी तरंगवा, तिच्यात खडे ठेवून कड पाण्याला टेकत आणा आणि हाताने छोट्या लाटा करा. किती लाटांनी बुडते ते मोजा. मग दोन्ही बाजूंनी उघडा असलेला एखादा डबा थाळीच्या मधोमध मेणाने घट्ट बसवा, सगळे खडे डब्यात घाला आणि थाळीच्या उरलेल्या भागावर प्लॅस्टिकचा कागद ताणून त्याच्या कडा मेणाने बंद करा. आता पुन्हा लाटा करा. किती फरक पडतो ते लिहून ठेवा. आमच्या वर्गात पहिल्या खेपेला चौथ्या लाटेला थाळी बुडाली. दुसऱ्या खेपेला लाटा करून करून हात दुखले, तेव्हा कुठे मेण सुटलं.

तो तक्ता अजून फळ्याशेजारी आहे. 'दोन शूर जहाजं' यातल्या 'शूर' शब्दावर त्या मुलीने, मला न विचारता, लाल खडूने काट मारली आहे. तिथे तिने काय लिहावं यावर माळ्यावरच्या बाबांचा मुलगा आणि ती अजून भांडताहेत. तूर्त तिथे रिकामी जागा आहे.